बदकाला गोळी का लागत नाही?
जुन्या टीव्ही गेमच्या निमित्ताने थोडे विज्ञान

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून एखादे खोके खाली येते. त्यात जुना टीव्ही गेम असतो, दोन रिमोट असतात, प्लास्टिकची एक बंदूक असते आणि चार-दोन कॅसेट असतात. १९९० च्या दशकात हे यंत्र आपल्याकडच्या अनेक घरांत होते. आता घरातली मुले ते भिंतीवरच्या नव्या, सपाट टीव्हीला जोडतात. पिवळी, पांढरी, लाल अशा पिना लावायला नव्या टीव्हीत जागा असेल, तर पडद्यावर चित्रही येते. मारिओ धावतो, उड्या मारतो. मग कोणीतरी बदके टिपायचा खेळ लावतो, बंदूक उचलतो, नेम धरतो, चाप ओढतो. बदक उडून जाते. पुन्हा नेम धरला तरी तेच. अगदी पडद्याला बंदूक टेकवली तरी बदकाला गोळी लागत नाही.

बंदूक बिघडली असे आपण म्हणतो. पण तीच बंदूक जुन्या, पाठीमागे फुगीर असलेल्या टीव्हीपुढे नेली तर बदके टपाटप पडू लागतात. म्हणजे बंदूक ठीक आहे. नव्या टीव्हीवर बाकीचे सगळे खेळ चालतात, म्हणजे टीव्हीही ठीक आहे. मग बिघडले आहे ते काय?

हा प्रश्न वर्गात विचारून पाहा. उत्तर लगेच सांगू नका. मुलांना अंदाज करू द्या आणि प्रत्येक अंदाज खरा की खोटा हे कसे तपासता येईल, तेही त्यांनाच सुचवू द्या. या एका प्रश्नातून प्रकाश, विद्युत, गणित आणि संगणक अशा चार खोल्यांची दारे उघडतात. शिवाय जुन्या वस्तू जपायच्या म्हणजे नेमके काय जपायचे, हा प्रश्नही आपल्यापुढे उभा राहतो.

बंदुकीतून काय बाहेर पडते?

बहुतेक मुले सांगतील, "बंदुकीतून किरण निघतो आणि टीव्हीला लागतो." हा अंदाज स्वाभाविक आहे, पण तो चुकीचा आहे. टीव्हीच्या काचेला बाहेरून आलेला किरण ओळखण्याची काहीच सोय नसते. या बंदुकीतून काहीच बाहेर पडत नाही. उलट, बाहेरचा प्रकाश तिच्यात जातो. नळीच्या तोंडाशी एक भिंग असते आणि त्याच्या मागे प्रकाशाला प्रतिसाद देणारा एक छोटा इलेक्ट्रॉनिक घटक. म्हणजे ही बंदूक नसून एक डोळा आहे. या डोळ्याला चित्र दिसत नाही. 'समोर उजेड आहे' किंवा 'समोर अंधार आहे' एवढेच त्याला कळते.

मग बदक कुठे आहे हे त्याला कसे समजते? इथे खेळ तयार करणाऱ्यांनी मोठी हुशारी केली आहे. आपण चाप ओढताच यंत्र क्षणभर सगळा पडदा काळा करते. त्याच्या पुढच्या चित्रात, बदक जिथे होते तिथे एक पांढरा चौकोन दाखवते. पडदा काळा असताना डोळ्याला अंधार दिसला आणि लगेच पुढच्या चित्रात उजेड दिसला, तर नेम बरोबर. दोन बदके असतील तर दोन चौकोन एकापाठोपाठच्या दोन चित्रांत दाखवले जातात. उजेड कोणत्या चित्राच्या वेळी आला, यावरून कोणते बदक पडले ते ठरते. हे सगळे सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आसपास उरकते. आपल्याला फक्त पडदा लुकलुकल्यासारखा दिसतो.

सुरुवातीचे काळे चित्र कशासाठी, असे मुलांना विचारा. ते नसते तर टीव्हीऐवजी विजेच्या दिव्यावर नेम धरून कोणीही प्रत्येक बदक पाडले असते. दिवा मात्र काळ्या चित्राच्या वेळीही उजेड देतो आणि लबाडी पकडली जाते.

'डक हंट' हा खेळ जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८४ मध्ये काढला. तो ज्या यंत्रावर चाले, ते 'फॅमिली कॉम्प्युटर' म्हणजे फॅमिकॉम, १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये विक्रीला आले. अमेरिकेत ते १९८५ पासून 'एन.ई.एस.' या नावाने मिळू लागले. दोन्ही नावांनी मिळून जगभरात सुमारे ६ कोटी १९ लाख यंत्रे विकली गेली. आपल्याकडच्या घरांत आलेले टीव्ही गेम बहुतांशी याच यंत्राच्या नकला होत्या.

फॅमिकॉमची रचना मासायुकी उएमुरा या अभियंत्याने केली. निन्टेन्डोत येण्यापूर्वी ते शार्प कंपनीत होते आणि प्रकाशाला प्रतिसाद देणारे घट विकण्याचे काम करत. ते घट निन्टेन्डोने १९७० च्या सुमारास खेळण्यातल्या प्रकाश-बंदुकांत वापरले. म्हणजे टीव्ही गेममधल्या बंदुकीमागचा विचार टीव्ही गेमच्याही आधीचा आहे. निवृत्तीनंतर उएमुरा क्योटोतील रित्सुमेइकान विद्यापीठात शिकवत होते. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले.

जुना टीव्ही चित्र कसे काढतो?

आता जुन्या टीव्हीकडे वळू. त्याच्या पोटात एक मोठी निर्वात काचेची नळी असते. तिला आपण पिक्चर ट्यूब किंवा चित्रनळी म्हणतो. नळीच्या मागच्या टोकाकडून इलेक्ट्रॉनांचा झोत पुढच्या काचेवर येतो. काचेला आतून एका विशेष पदार्थाचा थर दिलेला असतो. झोत जिथे आदळतो तिथे हा थर चमकतो. रंगीत टीव्हीत लाल, हिरव्या आणि निळ्या रंगांसाठी असे तीन झोत असतात.

झोत सगळ्या पडद्यावर एकदम पडत नाही. पाटीवर आपण लिहितो तसा तो डावीकडून उजवीकडे एक ओळ ओढतो, झटकन परत येतो, खालची ओळ ओढतो, आणि असे करत तळापर्यंत पोहोचतो. आपल्या देशात जी पद्धत स्वीकारली गेली, तीत एका पूर्ण चित्रात ६२५ ओळी असत आणि सेकंदाला २५ चित्रे. गुणाकार मुलांना करू द्या: ६२५ × २५ = १५,६२५. म्हणजे झोत एका सेकंदात साडेपंधरा हजारांहून अधिक ओळी ओढतो! जपान आणि अमेरिकेत ५२५ ओळी आणि सेकंदाला सुमारे ३० चित्रे अशी पद्धत होती. तिथेही उत्तर साडेपंधरा हजारांच्या थोडे पुढेच येते.

झोत पुढे सरकला की मागचा ठिपका फार लवकर मंद होतो. त्यामुळे कोणत्याही एका क्षणी जुन्या टीव्हीवर पूर्ण चित्र नसतेच. पडद्याचा थोडासा पट्टाच उजळलेला असतो आणि तो पट्टा वरून खाली धावत असतो. पूर्ण चित्र तयार होते ते आपल्या दृष्टीत, कारण डोळ्यावर उमटलेली प्रतिमा लगेच पुसली जात नाही.

बंदुकीने पांढऱ्या चौकोनाकडे पाहिले, की तिला सलग उजेड दिसत नाही. चौकोनातून जाणारी प्रत्येक ओळ एक चमक देते. या चमका सेकंदाला सुमारे साडेपंधरा हजार या वेगाने येतात. मूळ बंदुकीतले मंडल नेमक्या अशाच चमकांना दाद देईल, असे बनवले होते. घरातल्या दिव्याचा उजेड या वेगाने उघडझाप करत नाही, म्हणून तो तिथेही नापास होतो. एकाच लबाडीवर ही दुसरी चौकी.

नव्या पडद्याचे काय वेगळे?

नव्या सपाट टीव्हीत झोत नाही. द्रवस्फटिकाच्या म्हणजे एल.सी.डी. पडद्यामागे दिवे असतात आणि समोर लाखो बारीक झडपा. चित्रातला पांढरा चौकोन म्हणजे तिथल्या झडपा उघड्या. त्या पुढचे चित्र येईपर्यंत उघड्याच राहतात. उजेड सलग येतो, ओळीओळीने चमकत नाही. बंदूक ज्या खुणेची वाट पाहते, ती खूण इथे नाहीच.

दुसरे कारण वेळेचे. जुन्या टीव्हीत यंत्राकडून आलेला संदेश थेट झोतापर्यंत जातो. वाटेत तो साठवला जात नाही. नवा टीव्ही आधी सगळे चित्र साठवून घेतो, आपल्या पडद्याच्या मापाला ताणतो, रंग सुधारतो आणि मग दाखवतो. यात काही चित्रांइतका उशीर होतो. सेकंदाला ६० वेळा पडदा भरला जात असेल, तर एका चित्राला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. तीन चित्रांचा उशीर झाला तर ५० मिलिसेकंद. बातम्या पाहताना हे आपल्या लक्षातही येणार नाही. पण खेळाचे यंत्र चौकोन पाठवून त्याच क्षणी बंदुकीला विचारते, "उजेड दिसला का?" टीव्हीने चौकोन अजून दाखवलेलाच नसतो. बंदूक "नाही" म्हणते आणि बदक उडून जाते.

हाच उशीर मारिओच्या उडीतही लागतो. जुन्या टीव्हीवर सराईतपणे खड्डे ओलांडणारा माणूस नव्या टीव्हीवर खड्ड्यात पडतो आणि 'वय झाले' म्हणून हसतो. दोष वयाचाच असेल असे नाही. अनेक नव्या टीव्हींत 'गेम मोड' नावाची सोय असते. ती चालू केली की टीव्ही सुधारणेचे बरेचसे काम सोडून देतो आणि उशीर कमी होतो. जुने खेळ खेळताना पहिल्यांदा ही सोय शोधावी. तेवढ्याने उडी पुष्कळशी सुधारेल. बंदूक मात्र तरीही चालणार नाही.

ढग आणि झुडूप

बंदुकीचा खेळ टीव्हीवर असा अवलंबून होता. पण इतर खेळांनाही यंत्राच्या मर्यादांनीच आकार दिला आहे. फॅमिकॉमच्या पडद्यावर आडवे २५६ आणि उभे २४० ठिपके. एकूण ६१,४४०. प्रत्येक ठिपक्याला चारपैकी एक रंग द्यायचा तर २ बिट लागतात. म्हणजे १,२२,८८० बिट, किंवा १५,३६० बाईट. पण चित्रासाठी या यंत्रात मेमरी होती फक्त २ किलोबाईट, म्हणजे २,०४८ बाईट. एका चित्राच्या सातव्या भागालाही ती पुरत नाही. मग मारिओचे ते निळे आकाश आणि विटांच्या भिंती आल्या कुठून?

युक्ती आपल्या घरातल्या फरशीची आहे. पडद्याचे ८ × ८ ठिपक्यांचे चौकोन पाडले. आडवे ३२ आणि उभे ३०, म्हणजे ९६० चौकोन. फरश्यांचे २५६ नमुने कॅसेटमध्येच ठेवले. आता मेमरीत प्रत्येक ठिपका लिहायची गरज नाही. 'या जागी अमुक क्रमांकाची फरशी' एवढेच लिहायचे. २५६ नमुन्यांपैकी एकाचा क्रमांक एका बाईटमध्ये मावतो. ९६० बाईट क्रमांकांचे, अधिक ६४ बाईट रंगांचे, झाले १,०२४. पंधरा हजारांचे काम हजारात झाले आणि २ किलोबाईटमध्ये असे दोन पडदे बसले!

१९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा सबंध खेळ ४० किलोबाईटमध्ये मावतो. आज मोबाईलवर काढलेला एक साधा फोटो याच्या कितीतरी पट जागा घेतो. त्या ४० किलोबाईटमध्ये बत्तीस टप्पे, संगीत, शत्रू, सगळे आले. ही काटकसर कशी केली, याचा एक पुरावा कोणालाही डोळ्यांनी पाहता येतो. मारिओच्या आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप नीट न्याहाळा. दोन्ही आकृत्या एकच आहेत. फक्त रंग बदलला आहे. पांढरा केला की ढग, हिरवा केला की झुडूप.

मारिओचा चेहरामोहराही असाच ठरला. शिगेरू मियामोतो यांनी तो प्रथम १९८१ च्या 'डॉंकी कॉंग' या खेळासाठी रेखाटला. थोड्याशा ठिपक्यांत केस काढणे अवघड, म्हणून टोपी घातली. तोंड दाखवायला जागा नाही, म्हणून मिशा आल्या. हात हलताना दिसावेत म्हणून अंगात वेगळ्या रंगाचा कपडा चढला.

आणखी एक गोष्ट जुन्या खेळाडूंना आठवत असेल. पडद्यावर गर्दी झाली की शत्रू लुकलुकू लागत. आपण त्याला कॅसेटचा दोष समजत असू. वास्तविक या यंत्राला एका वेळी ६४ हलत्या चित्रफरश्या दाखवता येत, पण एका आडव्या ओळीत फक्त ८. मारिओसारख्या एका आकृतीच्या रुंदीत दोन फरश्या लागतात. म्हणजे चार आकृत्यांत ओळ भरली. पाचवी आली की कोणीतरी गायब होणारच. एकच शत्रू कायमचा गायब होण्यापेक्षा सगळ्यांनी पाळीपाळीने थोडे थोडे गायब व्हावे, अशी सोय खेळ लिहिणाऱ्यांनी केली. तेच ते लुकलुकणे.

शिक्षकांना एक दुवा कदाचित जवळचा वाटेल. १९८४ मध्ये आपल्या देशात 'क्लास' प्रकल्पाखाली शाळांमध्ये बी.बी.सी. मायक्रो संगणक देण्यास सुरुवात झाली. त्या संगणकाचा मायक्रोप्रोसेसर ६५०२ या घराण्यातला होता. फॅमिकॉमचा मेंदूही त्याच घराण्यातला. शाळेच्या कुलूपबंद खोलीत आदराने ठेवलेला संगणक आणि घरी 'अभ्यास सोडून काय खेळत बसलास' म्हणून ओरडा खायला लावणारा टीव्ही गेम हे जवळचे नातेवाईक होते!

फुंकर मारल्याने काय होते?

खेळ लागला नाही की कॅसेट काढायची, तोंडाशी धरून फू करून फुंकर मारायची, आणि पुन्हा खोचायची. हे कोणी कोणाला शिकवले नाही, तरी जपानपासून आपल्या गल्लीपर्यंत सगळी मुले हेच करत. आणि बऱ्याचदा खेळ लागेही. मग फुंकरीचा उपयोग होत होता का?

इथे थांबून प्रयोगाची आखणी मुलांकडून करून घ्या. फुंकर मारताना आपण एकाच वेळी दोन गोष्टी करतो: कॅसेट काढून पुन्हा घालतो, आणि फुंकर मारतो. गुण कोणाचा, हे कसे ठरवायचे? एकदा नुसती काढून घालायची, एकदा फुंकर मारून घालायची. कोणत्या वेळी काय करायचे ते नाणे उडवून ठरवायचे आणि प्रत्येक वेळचा निकाल लिहायचा. असे अनेकदा केल्याशिवाय बोलता येणार नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला, हा प्रयोगाचा पहिला धडा याहून सोप्या उदाहरणाने शिकवता येणे कठीण आहे. ही आखणी कागदावरच ठेवा, कारण खरी कॅसेट त्यात खराब होईल.

कॅसेटच्या टोकाला धातूच्या पट्ट्या असतात. त्यांवर धूळ आणि गंज बसला की विद्युतजोड नीट होत नाही. काढून घालताना पट्ट्या घासल्या जातात आणि जोड सुधारतो. फुंकरीबरोबर मात्र तोंडातला ओलावा पट्ट्यांवर जातो आणि पुढे गंज वाढतो. निन्टेन्डोनेही फुंकर मारू नका असेच सांगितले होते. योग्य उपाय असा: यंत्र बंद करावे, कापसाच्या बोळ्याला थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पट्ट्या हलक्या हाताने पुसाव्यात, पूर्ण वाळू द्याव्यात आणि मगच कॅसेट लावावी.

आज खेळायचे तर कसे?

आज या खेळांचा आनंद घेण्याचे ढोबळमानाने चार मार्ग आहेत.

पहिला, मूळ यंत्र आणि जुना चित्रनळीचा टीव्ही. बंदूक चालेल, उडी वेळेवर पडेल, ठिपक्यांच्या कडा मऊ दिसतील. चित्र रेखाटणाऱ्यांनी हाच मऊपणा गृहीत धरला होता. नव्या पडद्यावर तेच चित्र टोकदार चौकोनांचे दिसते. मात्र चित्रनळ्यांचे मोठ्या प्रमाणावरचे उत्पादन आता थांबले आहे. बिघडलेला संच दुरुस्त करणारेही कमी होत चालले आहेत. एक सक्त सूचना: जुना टीव्ही शाळेत किंवा घरी कधीही उघडू नये. रंगीत चित्रनळीला वीस हजार व्होल्टच्या आसपास विद्युतदाब लागतो आणि टीव्ही बंद केल्यावरही तिच्यात धोकादायक भार शिल्लक राहू शकतो.

दुसरा, मूळ यंत्र आणि नवा टीव्ही. मध्ये चित्र ताणून देणारे चांगल्या प्रतीचे उपकरण लावले तर उशीर कमी होतो. नेहमीच्या खेळांना हे पुरते.

तिसरा, नक्कल करणारी संगणक-प्रणाली. तिला एम्युलेटर म्हणतात. फॅमिकॉमचा प्रोसेसर सेकंदाला सुमारे १७ लाख ९० हजार ठोके देई. आजच्या मोबाईलचा प्रोसेसर अब्जावधी ठोके देतो. त्यामुळे जुन्या यंत्राची प्रत्येक आज्ञा वाचून 'मूळ यंत्राने आता काय केले असते' याचा हिशेब करायला त्याला भरपूर सवड मिळते. याच मार्गाची एक बहीण म्हणजे एफ.पी.जी.ए. नावाची चिप. तिच्या आतील जोडण्या आपल्याला हव्या तशा मांडता येतात. तिच्यात जुन्या यंत्राची मंडलेच पुन्हा उभी करतात.

चौथा, कंपनीने स्वतः पुन्हा काढलेले खेळ. २०१६ मध्ये निन्टेन्डोने मूळ यंत्राची चिमुकली आवृत्ती काढली. तिच्यात ३० खेळ आतच भरलेले होते. बदकांचा खेळ त्यात नव्हता. तो खेळ २०१४ च्या डिसेंबरमध्ये 'वी यू' या यंत्रासाठी निघाला होता. त्यात बंदुकीऐवजी वेगळा रिमोट वापरला. टीव्हीजवळ अवरक्त प्रकाशाचे दिवे ठेवायचे, आणि रिमोटमधल्या छोट्या कॅमेऱ्याने त्या दिव्यांच्या जागेवरून आपला नेम कुठे आहे ते काढायचे. पडदा कोणत्याही जातीचा असला तरी चालते. उपाय छान होता, पण मार्च २०२३ मध्ये त्या यंत्राचे खेळ विकणारे ऑनलाइन दुकान बंद झाले.

कायद्याची बाजूही मुलांना सांगावी. खेळ जुना झाला म्हणजे तो सर्वांचा झाला असे नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात संगणक-प्रणालीची गणना साहित्यकृतीत होते, आणि हे हक्क अनेक दशके टिकतात. नक्कल करणारी प्रणाली वापरणे एक आणि दुसऱ्याच्या मालकीच्या खेळाची प्रत फुकट उतरवून घेणे दुसरे. आज अनेक हौशी मंडळी या जुन्या यंत्रांसाठी नवे खेळ लिहून मोफत देतात. शाळेत दाखवण्यासाठी ते उत्तम.

जपायचे ते काय?

२०२३ मध्ये अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने एक पाहणी प्रसिद्ध केली. २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या खेळांपैकी सुमारे ८७ टक्के खेळ आज बाजारात रीतसर विकत मिळत नाहीत, असे तीत आढळले. बदकांच्या खेळाच्या दुकानाचे जे झाले, तेच अनेकांचे झाले आहे.

जवळ असलेल्या कॅसेटही कायम टिकणार नाहीत. ज्या कॅसेटमध्ये खेळाची प्रगती साठवण्याची सोय असे, त्यांत नाण्याएवढा एक सेल असतो. तो संपला की साठवलेले सगळे पुसले जाते. यंत्रातले काही कपॅसिटर कालांतराने सुकतात. खेळाच्या ४० किलोबाईटची प्रत मात्र कुठेही सहज ठेवता येते. मग खेळ वाचला असे म्हणावे का?

बदकांचा खेळ याचे उत्तर देतो. त्याची प्रत अगदी बिनचूक असली, तरी झोताने ओळी ओढणारा टीव्ही नसेल तर बदक पडत नाही. जात्यावरच्या ओव्या छापून ठेवता येतात, पण जाते कसे फिरत असे आणि ओढणारीचा श्वास कुठे पडे, हे माहीत नसेल तर ओवीची लय नीट कळत नाही. तसेच हे आहे. यंत्रे एक दिवस संपतीलच. ती कशी चालत होती, हे समजणारी माणसे उरली तर ती पुन्हा उभी करता येतील. नक्कल करणाऱ्या प्रणाली लिहिणाऱ्यांनी हेच केले आहे. जुन्या यंत्राच्या प्रत्येक ठोक्याला काय घडते, हे त्यांनी चिकाटीने तपासून लिहून ठेवले. समजून घेणे हेही जपणेच आहे, आणि ते काम शाळेत होऊ शकते.

वर्गात करून पाहा

१. माणसांचा पडदा: ३६ मुलांना सहा-सहाच्या सहा ओळींत बसवा. शिक्षक टाळ्या वाजवतील. प्रत्येक टाळीला क्रमाने एकेक मुलाने उभे राहून लगेच बसायचे. हा झाला झोत. एका मुलाला कागदाची नळी देऊन लांब उभे करा. नळीतून त्याला एकच मूल दिसेल. ते उठलेले दिसताच त्याने हात वर करायचा. पाठ करून उभ्या असलेल्या दुसऱ्या मुलाने फक्त टाळ्या मोजून, नळी कोणाकडे रोखली आहे ते ओळखायचे. विसाव्या टाळीला हात वर झाला, तर चौथ्या ओळीतला दुसरा! काही प्रकाश-बंदुका आणि प्रकाश-लेखण्या याच तत्त्वावर चालत. आता पुन्हा तोच खेळ करा, पण हात वर करणाऱ्याने मनात तीन आकडे मोजून मग हात वर करावा. उत्तर चुकते. नव्या टीव्हीतला उशीर मुलांना असा कळतो.

२. फरशीचे चित्र: आलेखाच्या कागदावर ८ × ८ चा चौकोन आखा. प्रत्येक घरात ०, १, २, ३ पैकी एक आकडा लिहून एक आकृती करा. मग दोन वेगवेगळ्या रंगयाद्या द्या आणि तीच आकृती दोनदा रंगवा. ढग-झुडुपासारखी, दोन्ही रंगांत वेगळी वस्तू वाटेल अशी आकृती कोणाला सुचते? एका फरशीला ६४ ठिपके × २ बिट = १२८ बिट, म्हणजे १६ बाईट लागतात. असे २५६ नमुने किती जागा घेतील, हेही काढायला सांगा.

३. पेन्सिलीचा पंखा: चालू पडद्यापुढे पेन्सिल जोरात डावी-उजवीकडे हलवा. जुन्या टीव्हीपुढे अनेक सुट्या पेन्सिली दिसतात. सलग उजेडापुढे एकच अस्पष्ट पंखा दिसतो. टीव्ही, संगणक, मोबाईल, घरातले दिवे अशा सर्वांपुढे हे करून तक्ता बनवा. काही नव्या पडद्यांमागचे दिवेही वेगाने उघडझाप करतात, त्यामुळे सगळीकडे अपेक्षित उत्तर येईलच असे नाही. जिथे ते येणार नाही, तिथे कारण शोधायला मुलांना अधिक मजा येईल.

आणि माळ्यावरचे ते खोके भंगारात घालण्यापूर्वी एकदा वर्गात आणा. चालले तर खेळता येईल. चालले नाही तर, विजेला अजिबात न जोडता, कॅसेटचे स्क्रू काढून आतली छोटी पाटी मुलांना दाखवा. एवढ्याशा पाटीत बत्तीस टप्पे कसे मावले, हा प्रश्न तेव्हा त्यांना स्वतःहून पडेल.